चाली जातात कुठे?

आपल्या मंडळाच्या अंकात कविता छापली की ती राहते. दहा वर्षांनी कुणी फाइल उघडली तरी कवीच्या नावासकट सापडेल. त्याच कवितेला कुणीतरी कॅन्टीनमागच्या पायऱ्यांवर बसून चाल लावतं, दोन दिवसांत ती अख्ख्या वर्गाच्या तोंडी होते, गॅदरिंगला एकदा गायली जाते, आणि चाल लावणारा तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन निघून गेला की त्याच्यासोबत ती चालही जाते. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा एका सीनियरने पावसाच्या कवितेला लावलेली चाल ऐकली होती. आज ती पुरती येणारं मंडळात कुणी नाही. मला ध्रुवपद येतं, दुसऱ्या एकीला अंतऱ्याची पहिली ओळ येते, मधला तुकडा कुणालाच येत नाही. कविता मात्र अंकात जशीच्या तशी आहे.

याला उपाय म्हणून मागच्या बैठकीत असं ठरत आलं की वर्षाचे उरलेले पैसे घालून एक दिवस स्टुडिओ भाड्याने घ्यावा आणि चार गाणी ‘प्रोफेशनल’ करून घ्यावीत. माझं मत याच्या विरुद्ध आहे. बैठकीत ते धड मांडायला वेळ मिळाला नाही, म्हणून इथे लिहिते. माझं म्हणणं इतकंच की त्याच पैशांत, किंवा त्याहून थोड्या कमीत, एक माइक आणि कॉम्प्युटरला जोडायची एक छोटी पेटी घ्यावी आणि आपली गिटार, आपल्या चाली, आपण स्वतः रेकॉर्ड करायला शिकावं. चार गाणी एकदाच होण्यापेक्षा दर वर्षी दहा झालेली मला चालतील, मग ती थोडी खडबडीत का असेनात.

स्टुडिओत घड्याळ चालू असतं. तासाचे पैसे मोजलेले असले की वाजवणाऱ्याचे हात आखडतात, गाणारीचा गळा आखडतो, आणि तिसऱ्या प्रयत्नाला जे बरं वाटेल ते ‘चला, झालं’ म्हणून उचललं जातं. माइक कुठे ठेवला, का ठेवला, हे काचेपलीकडच्या माणसाला माहीत असतं. आपण हेडफोन लावून मान डोलावतो. पुढच्या वर्षी नवी मुलं येतील तेव्हा त्यांना सांगण्यासारखं आपल्याकडे काहीच नसेल, फक्त एक पेन ड्राइव्ह असेल.

दुसरी गोष्ट कराओकेची. ही सवय आपल्याला वाईट लागली आहे. गॅदरिंग जवळ आलं की आपण यूट्यूबवरून ट्रॅक उतरवतो. ट्रॅक असतो मूळ गायकाच्या पट्टीत. मूळ गाणं काळी एकमध्ये, आपली गाणारी काळी चारची. मग बिचारी ध्रुवपदात तळाशी पुटपुटते, नाहीतर अंतऱ्यात वर ओढते, आणि मागे बसलेले म्हणतात की आज आवाज बसला होता वाटतं. आवाज बसलेला नसतो, पट्टी बसलेली नसते. शिवाय ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. शब्दावर रेंगाळावंसं वाटलं, श्वास कमी पडला, तरी तो पुढे निघून जातो. गिटारवाला थांबतो. तो गाणारीच्या तोंडाकडे बघत असतो. आणि पट्टीचं म्हणाल तर कॅपो एका पडद्यावरून दुसऱ्यावर सरकवला की झालं.

आपल्याकडे तर गिटार वाजवणाऱ्यांची वाणच नाही. प्रत्येक वर्गात निदान तिघे-चौघे आहेत, आणि त्यातले बरेच लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये वाजवत आलेले, कानाने पक्के. मराठी कवितेचे शब्द ते रोमन लिपीत लिहून घेतात, ‘ळ’साठी दोन एल घालतात, वर कॉर्डची अक्षरं टाकतात, आणि दहा मिनिटांत साथ तयार असते. गोव्यातून ही माणसं पूर्वी मुंबईला गेली आणि तिथल्या सिनेमासंगीताचा कणा झाली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातली दोन मोठी नावं. चाल दुसऱ्या कुणाची, पण वाद्यवृंदातल्या प्रत्येकाने काय वाजवायचं ते कागदावर लिहून देणारी ही मंडळी. आपल्या चाली कागदावर उतरवता आल्या तर उत्तमच, क्वायरमधल्या मित्रांना स्टाफ नोटेशन येतंही. पण भावगीताच्या चालीत जी सरक असते, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं असतं, ते त्या रेघांवर नीट बसत नाही. ते ऐकूनच घ्यावं लागतं.

रेकॉर्ड झालं की काय होतं याचं मराठीतलं उदाहरण आपल्या अभ्यासातच आहे. ना. घ. देशपांडे विदर्भात मेहकरला राहणारे कवी. त्यांची ‘शीळ’ ही कविता ग. ना. जोशींनी चाल लावून गायली, गेल्या शतकाच्या तिसाच्या दशकात तिची रेकॉर्ड निघाली, आणि ज्यांनी कवितेचं पुस्तक कधी हातात धरलं नसेल त्यांच्याही घरात ती पोचली. मराठी भावगीताची गोष्ट तिथून सुरू होते असं आपण परीक्षेत लिहितो. लिहितो आणि विसरतो.

घरच्या रेकॉर्डिंगला नाक मुरडणाऱ्यांसाठी एक लांबचं उदाहरण देते. अमेरिकेतला ब्रूस स्प्रिंगस्टीन १९८२ साली नाव झालेला गायक होता, हवा तो स्टुडिओ त्याला मिळाला असता. त्याने न्यू जर्सीतल्या घरी, कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या टास्कॅम पोर्टास्टुडिओ नावाच्या यंत्रावर, एसएम ५७ जातीचे दोन माइक लावून, गिटार आणि आवाज रेकॉर्ड केले. ते कच्चं काम होतं, पुढे बँडला दाखवायला. मग बँडसकट स्टुडिओत पुन्हा करून बघितलं, आणि घरच्या कॅसेटमध्ये जे होतं ते तिथे काही केल्या येईना. शेवटी ‘नेब्रास्का’ नावाने ती कॅसेटच बाजारात आली. आपल्यापैकी कुणीही आज वापरत असलेला लॅपटॉप त्या यंत्राच्या कितीतरी पुढे आहे. म्हणजे अडचण यंत्राची नाही.

मग अडचण कसली? माझ्या मते पहिली अडचण खोलीची, आणि तिचा विचार कुणी करत नाही. सगळे विचारतात, कुठला माइक घेऊ? विचारायचं असतं, कुठल्या खोलीत बसू? खोलीच्या मध्यावर उभं राहून एक कडक टाळी वाजवून बघा. टाळीमागून ‘झिर्र’ असा धातूसारखा आवाज आला तर ती खोली वाईट. फरशी गुळगुळीत, समोरासमोरच्या भिंती उघड्या, वर सपाट स्लॅब. आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर चेंडूसारखा आपटत राहतो, आणि माइकला गिटारीपेक्षा ती खोलीच जास्त ऐकू येते. टाळी वाजली आणि विषय संपला, अशी खोली शोधा. बहुतेक घरांत ती झोपायची खोली असते. गादी, उशा, कपड्यांनी भरलेलं कपाट हे सगळं आवाज पितं. कपाटाची दारं उघडी ठेवलीत तर आणखी बरं. जुन्या कौलारू घरांतल्या खोल्या मला स्लॅबच्या फ्लॅटपेक्षा नेहमी बऱ्या वाटल्या आहेत. वरचं छप्पर उतरतं असतं, भिंतीही फारशा सरळ नसतात, आवाजाला आपटायला समोरासमोर सपाट जागा कमी मिळते.

घरातली जाड गोधडी दोरीवर टाकून वाजवणाऱ्याच्या पाठीमागे लावा. समोर नाही, पाठीमागे. कारण साधे माइक समोरून ऐकतात, मागून फारसं ऐकत नाहीत. वाजवणाऱ्याकडे तोंड केलेल्या माइकला त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतलेला आवाज सरळ लागतो. कोपऱ्यात बसू नका, कोपऱ्यात खर्ज साठतो. आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचा उद्योग कुणी सुचवला तर त्याला ते ट्रे परत द्या. पातळ पुठ्ठ्याने खर्ज अडत नाही, नुसती खोली कुरूप होते.

दुसरी गोष्ट माइकच्या जागेची. नवखा माणूस हमखास माइक गिटारीच्या गोल भोकासमोर धरतो, कारण आवाज तिथूनच येतो असं दिसतं. गिटारीच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते. सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झ, आणि आपली आवडती ‘जी’ कॉर्ड ज्या सुरावर उभी असते तो ९८. म्हणजे भोकासमोर माइक धरला की दर ‘जी’ला घागर बडवल्यासारखा घुमारा येतो आणि बारीक तारा त्याखाली दबून जातात. माइक मानेच्या दिशेने सरकवा, बाराव्या पडद्यासमोर, वीत-दीड वीत अंतरावर, तोंड किंचित भोकाकडे वळवलेलं. इथे तारेचा टणत्कारही येतो आणि लाकडाचं अंगही येतं. फार जवळ गेलात तर खर्ज पुन्हा फुगेल, फार लांब गेलात तर खोली आत शिरेल.

ही जागा सांगून मी मोकळी होते आहे, पण खरी जागा तुमच्या गिटारीची तुम्हालाच शोधावी लागेल. त्याची युक्ती फुकट आहे. मित्राला वाजवायला बसवा, एक कान बोटाने बंद करा आणि दुसरा कान माइक आहे असं समजून गिटारीसमोर हळूहळू डोकं फिरवा. जिथे ऐकायला गोड लागेल तिथे माइक. बघणाऱ्याला हसू येतं, येऊ दे. अर्धा तास असा घालवला की आपल्याच गिटारीत किती आवाज आहेत ते कळतं. महिनाभर यूट्यूब बघून ते कळणार नाही.

वायर खोचायची सोय असलेल्या गिटारी आता बऱ्याच जणांकडे आहेत. स्टेजवर त्या सोयीच्या, पण रेकॉर्डिंगला वायर खोचू नका. आतला पिकअप घोडीखालचा दाब तेवढा मोजतो. खोलीतल्या हवेत गिटारीचा जो आवाज होतो तो त्याला माहीतच नसतो. ऐकायला रबर ताणल्यासारखं येतं.

आता सामान. हा भाग लवकर उरकते, कारण लोक इथेच सहा महिने अडकून पडतात. डायनॅमिक माइक दणकट, हातातून पडला तरी बहुधा वाचतो, आणि त्याला वेगळी वीज लागत नाही. कंडेन्सर माइक नाजूक. बोटांची नखं, तारेवरची सरक, गाणाऱ्याचा श्वास सगळं पकडतो. त्याला ४८ व्होल्टची वीज लागते आणि ती ऑडिओ इंटरफेस नावाची पेटी त्याच केबलमधून पुरवते. माइकचा आवाज कॉम्प्युटरला समजेल अशा आकड्यांत बदलायचं काम हीच पेटी करते. यूएसबी माइकमध्ये ही पेटी आतच बसवलेली असते, एकट्यापुरता तो ठीक. पण मंडळासाठी पेटी वेगळी घ्यावी असं मला वाटतं. माइक बिघडला तर माइक बदलता येतो, आणि पुढेमागे दुसरा घेता येतो. एका बऱ्या मोबाईलच्या किमतीत माइक, पेटी, स्टँड, केबल आणि बंद कानाचे हेडफोन सगळं येतं. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. ऑडॅसिटी फुकट आहे, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याचा जन्म झाला आणि २००० सालापासून ते लोकांच्या हातात आहे. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, मग घ्यायचं की नाही ते ठरवा. यातलं कुठलंही एक उघडा आणि त्यावरच महिनाभर राहा.

दोन आकडे मात्र लक्षात ठेवा. रेकॉर्डिंग ४४,१०० हर्ट्झ आणि २४ बिटवर करा. एका माइकचं मिनिटभराचं रेकॉर्डिंग साधारण ८ एमबी होतं, चार मिनिटांचं गाणं बत्तीस. हार्ड डिस्कला हे काहीच नाही. आणि आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी जोरात वाजवल्यावरही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला आपटलेला आवाज फाटतो आणि तो मागाहून शिवता येत नाही. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो.

हेडफोनमध्ये स्वतःची गिटार मागाहून ऐकू येते, लय सुटते, अशी तक्रार नवखे हमखास करतात. आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत यायला वेळ लागतो. सेटिंगमध्ये बफर १०२४ असेल तर त्या एका टप्प्यातच २३ मिलिसेकंद जातात. म्हणजे मांडीवरची गिटार आठ मीटर लांबून ऐकू यावी तसं. बफर २५६ वर आणला की हा वेळ सहा मिलिसेकंदांच्या आत येतो. त्याहून सोपं म्हणजे पेटीवर ‘डायरेक्ट’ असं बटण असलं तर ते दाबा. मग आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता सरळ कानात येतो.

मागे बारीक ‘हूंऽऽ’ असा सूर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची घरघर ५० आणि १०० वर बसते, म्हणजे नेमकी गिटारीच्या खर्जाच्या अंगणात. चार्जर काढल्यावर बऱ्याचदा ती थांबते.

गोव्यात रेकॉर्डिंगचा खरा शत्रू आवाज. जूनपासून कौलांवर पाऊस, रात्री बेडूक. उन्हाळ्यात पंखा बंद केला तर वाजवणाऱ्याच्या घामाने गिटार भिजते. पावसाळी हवेत लाकूड फुगतं, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात, दाबायला जड जातात, आणि खाऱ्या दमट हवेने तारांना गंज चढतो तो वेगळाच. म्हणून माझं मत, हे काम थंडीत करावं. डिसेंबरात क्वायरची मंडळी नाताळच्या तालमींत असतात, त्यांना हात लावू नका. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. तेव्हाही कुठे जत्रेचा, कुठे फेस्ताचा लाउडस्पीकर असतो, पण त्याच्या तारखा आधी माहीत असतात. दिवसातली वेळ म्हणाल तर दुपारी जेवणानंतरची, गाव झोपतं ती. सकाळ आणि संध्याकाळ पोदेराची. आमच्या एका रेकॉर्डिंगमध्ये दोन कडव्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत त्याचा ‘पोंऽ पोंऽ’ इतका नेमका आला आहे की ऐकलेल्या सगळ्यांनी सांगितलं, काढू नका. काढलेला नाही.

सुरुवातीला दहा सेकंद कुणीही न हलता नुसती शांतता रेकॉर्ड करा. त्या नमुन्यावरून सॉफ्टवेअर मागची घरघर कमी करू शकतं. पण बेताने. जास्त केलंत तर गिटार विहिरीत पडल्यासारखी ऐकू येते, आणि मला विचाराल तर पंख्याची थोडी घरघर परवडली.

तारा आदल्या दिवशी बदला, त्याच दिवशी नको, नव्या तारा ताणत राहतात आणि सूर उतरतो. दर दोन टेकनंतर सूर तपासा. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्याने बासरी घ्यावी.

गाणं आणि गिटार वेगवेगळं रेकॉर्ड करावं की एकत्र? शिकवणारे सांगतात, वेगवेगळं, क्लिकच्या ठोक्यावर. दुसरी गिटार वरून चढवायची असेल तर ते बरोबरच आहे. पण आपल्या चालींना मी तो ठोका लावणार नाही. भावगीत शब्दावर थांबतं, पुन्हा चालू लागतं, क्लिकला ते थांबणं समजत नाही. एकच माइक असेल तर दोघांना एकत्र बसवा आणि अंतराने तोल साधा. आवाज दांडगा असेल तर गाणारीला पाऊलभर मागे सरकवा, गिटार दबत असेल तर ती पुढे आणा. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं रेकॉर्डिंग आलं, त्याआधी सगळं याच रीतीने होत होतं, एका कर्ण्यासमोर कोण किती लांब उभा राहतो त्यावर. त्यातून निघालेली गाणी लोक अजून ऐकतात.

आता खऱ्या भीतीबद्दल. पहिल्यांदा स्वतःचं वाजवणं ऐकलं की बहुतेक जण हेडफोन काढून ठेवतात. वाजवताना आपण वाजवण्यात असतो, ऐकताना फक्त ऐकतो, आणि बदलायला उशीर झालेली कॉर्ड, पडद्यावर नीट न दाबलेली तार, दुसऱ्या कडव्यात वाढलेली लय सगळं समोर येतं. मग लोक तुकडे जोडायला लागतात. हे कडवं चौथ्या टेकमधलं, ही ओळ सातव्यातली. मला हे पटत नाही. स्टेजवर वाहवा मिळवायला रेकॉर्डिंग करत असतो तर गोष्ट वेगळी. आपण करतोय ते चाल टिकावी म्हणून. पुढच्या वर्षी एखादी मुलगी ती ऐकून गाणार आहे, आणि तिला एका श्वासात सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेलेली चाल हवी आहे, एक कॉर्ड चुकलेली असली तरी. पाच टेक पूर्ण घ्या, पाचही ठेवा, त्यातला जो सगळ्यात जिवंत वाटेल त्याच्यापुढे खूण करा.

‘फोन आहे की हातात!’ असं बैठकीत एकाने म्हटलं होतं. बरोबर आहे, आणि चाल सुचली त्या क्षणी फोनच उघडावा. पण फोन आवाजाची पातळी स्वतःच्या मर्जीने वर-खाली करतो. गाणारी हळू झाली की तो उचलतो, ती मोठ्याने गायली की दाबतो. चालीतला चढ-उतारच सपाट होतो. शिवाय फोन बदलतो, ग्रुप सोडला जातो. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या तीन वर्षांत टाकलेल्या चाली मी शोधून पाहिल्या. काही ‘डाउनलोड अयशस्वी’, काहींवर नावच नाही, एक फक्त ‘ऑडिओ ००१७’. कुणाची कविता, कुणाची चाल, कोण गातंय, काही पत्ता नाही.

म्हणून शेवटचं काम सगळ्यात रुक्ष आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा, एमपी३ फक्त ऐकवायला. पाठवायची झाली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर वाटेत ती चेपली जाते. नावात कविता, कवी, चाल लावणारा, गाणारी, पट्टी, कॅपो कुठल्या पडद्यावर, तारीख. दोन प्रती, एक मंडळाच्या कॉम्प्युटरवर आणि एक वाचनालयात. आणि कवीला विचारल्याशिवाय यूट्यूबवर काही टाकू नका. आपल्या कायद्यात कवीच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क त्याचे आणि त्याच्या वारसांचे असतात. मोठ्या कवींच्या बाबतीत ही परवानगी मिळवणं वेळखाऊ. वर्गातल्या कवीला विचारायला एक चहा पुरतो. आपल्या अंकातल्या कवितांपासून सुरुवात करावी, याचं हेही एक कारण.

बैठक पुढच्या आठवड्यात आहे. ठराव मंजूर होवो न होवो, माझा माइक आणि पेटी मी एप्रिलपर्यंत मंडळाच्या खोलीत ठेवते आहे. खोली टाळीच्या परीक्षेत जेमतेम पास होते, पण पडदे जाड आहेत आणि दोन गोधड्या मी घरून आणल्या आहेत. शनिवारी लेक्चर संपल्यावर दोन ते चार मी तिथे असेन. पहिला शनिवार पावसाच्या त्या कवितेसाठी ठेवला आहे. ज्यांना तिच्या अंतऱ्याचा मधला तुकडा येत असेल, किंवा ज्यांच्या ताईला-दादाला येत असेल, त्यांनी कृपा करून यावं. पंख्याचं बटण दारामागे आहे, आत येताना बंद करा.